सहा नंबरचा पट्टा

भिलाईत, सुपेल्याच्या बाजारामागे देवाजीकाकांचं वर्कशॉप आहे. उंचीवर काम करणाऱ्या माणसांचे सेफ्टी बेल्ट तिथे शिवले जातात आणि तपासले जातात. मी तिथे बारा वर्षं काम केलं. बेल्ट टेबलावर पसरायचा, एकेक टाका बोटाने चाचपायचा, हूक उघडून-मिटून पाहायचा आणि शेवटी मागच्या शेडमधल्या चौकटीत अडकवून ओढायचा. चौकट म्हणजे दोन लोखंडी गर्डर, वर आडवा तिसरा, आणि त्याला टांगलेली हाताने ओढायची चेनपुली. बेल्ट टिकला तर शिक्का. नाही टिकला तर कात्रीने त्याचे दोन तुकडे करायचे, म्हणजे चुकूनही कोणी पुन्हा घालणार नाही. काकांचा हा नियम पक्का होता. स्वतः रिगर, म्हणजे उंचावर अवजड सामान चढवणारा, म्हणून उभा जन्म उंचीवर काढलेला माणूस तो.

मार्च संपत आला होता. त्या सकाळी कुरिअरवाला एक मोठी निळी बॅग टाकून गेला. बॅग भूपेंद्रची होती. भूपेंद्र इथलाच, ठेकेदाराच्या घरचा, पण चार-पाच वर्षांपासून तिकडे कोकण किनाऱ्यावर राहायचा. शिडाची नाव घेतली होती त्याने, शर्यतीत उतरायचा. शर्यतीचे नियम कडक असतात. माणशी एक फुगणारं जाकीट, माणशी एक पट्टा, आणि सगळ्यांना तपासणीचा दाखला. तो दाखला नसेल तर नाव धक्क्यावरून सोडत नाहीत. भूपेंद्र ते सामान आमच्याकडे पाठवायचा, कारण काका त्याच्या वडिलांच्या ओळखीचे.

पट्ट्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. दोन हात लांबीची जाड निवार. एका टोकाचा हूक नावेला लावायचा, दुसऱ्या टोकाचा आपल्या जाकिटाच्या छातीवरच्या कापडी कडीला. लाटेने माणूस बाहेर फेकला गेला तरी नावेला बांधलेला राहतो. छातीचा हूक असा असतो, की अंगाचा सगळा भार त्यावर असला तरी नुसती दोरी खेचली की सुटावा. आणि टाक्यांच्या आत एक लाल धागा लपवलेला असतो. पट्ट्याला एकदा जरी माणसाच्या वजनाचा जोराचा हिसका बसला, की वरचे टाके तुटतात आणि लाल धागा बाहेर येतो. लाल दिसला, की पट्टा बाद.

बॅग उघडली तशी सुकटीसारखा वास आला. सहा जाकिटं, नवीकोरी. सहा पट्टे. पहिले पाच कोरडे, स्वच्छ. सहावा हातात घेतला तर ओला.

सुपेल्यात तेव्हा अशी झळ होती की धुतलेलं फडकं दहा मिनिटांत कडक व्हायचं. बॅग तीन दिवस रस्त्यात होती. तरी त्या एका पट्ट्यातून पाणी गळत होतं. मी तो पिळला, टेबलावर पसरला. टाके उसवलेले होते. लाल धागा वीतभर बाहेर आला होता.

मी वहीत 'सहा नंबर, बाद' असं लिहिलं आणि कात्री घ्यायला उठले, तेवढ्यात चंदनचा फोन आला.

चंदन माझा धाकटा भाऊ. नेव्हीत खलाशी होता, सोडून आला आणि मागच्या दिवाळीपासून भूपेंद्रच्या नावेवर पगारी माणूस म्हणून लागला. आईबाप गेल्यावर त्याला मीच वाढवलेलं.

"ताई, सामान पोचलं का? शर्यतीले आठच दिवस हायेत."

"पोचलं. पण सहा नंबर बाद होऊन राहिला."

"अरे यार... सहा नंबर तं माझाच हाय."

"तुझा कावून?"

"पुढच्या टोकावर जो असतो ना, त्याचा सहा नंबर. मोनूच्या जागेवर घेतलं मले."

मी कात्री खाली ठेवली.

मोनू इथलाच, कोहक्याचा. भागाबाईचा एकुलता एक. तोही आमच्याच वर्कशॉपमध्ये शिकलेला, काकांच्या हाताखाली आठ वर्षं. त्याला भूपेंद्रने नावेवर नेलं आणि मागच्या वर्षीच्या शर्यतीत तो समुद्रात गेला. मृतदेह मिळाला नाही. भूपेंद्रने पोलिसांना सांगितलं, की मोनूने पट्टा लावलाच नव्हता, लाट आली आणि गेला. सगळ्यांनी मानलं. काकांनी मात्र त्या दिवसापासून खाली मान घातली. "माझ्या हातचा पोरगा, अन् बिनापट्ट्याचा उभा राह्यला?" एवढंच ते अधूनमधून म्हणायचे.

मी काकांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, पट्टा खिडकीपाशी नेला. निवारीत निळा रंग घासून बसला होता, नावेच्या अंगाचा रंग. एकदा घासून इतका बसत नाही. छातीचा हूक वाकून जाम झाला होता. आणि त्या जाम हुकाच्या जबड्यात नखाएवढा काळा तुकडा अडकला होता.

"हे काय हाय, पाय बरं," काका म्हणाले.

चिमट्याने खेचून काढला. जाकिटाच्या कडीची पट्टी होती ती. बारा वर्षं मी तुटलेले पट्टे पाहिलेत. निवार तुटते तेव्हा तिचे धागे पिंजतात, कापसासारखे. या तुकड्याची कडा सरळ होती. ती तुटलेली नव्हती. कापलेली होती.

काका स्टुलावर बसले.

"तो बांधलेला होता, रश्मी."

"हो."

"बाजूनं घासत गेला. हूक सुटला नाही... अन् मंग वरून कोणीतरी कडी कापली."

बाहेर लोकांची ये-जा चालू होती, शेजारी ग्राइंडर चालू होता. आम्ही दोघं त्या नखाएवढ्या तुकड्याकडे पाहत बसलो.

मी भूपेंद्रला फोन लावला. तुकड्याचं बोलले नाही, फक्त पट्टा बाद आहे म्हणाले.

"शिवून टाका ना, रश्मीताई," तो हसून म्हणाला. "मागच्या कागदावर सहा पट्टे हायेत, तेच नंबर. एक बदलला तं दहा सवाल विचारतात. मी परवा भिलाईले येऊनच राहिलो, घेऊन जातो."

पट्टा मी लोखंडी कपाटात ठेवला, आतल्या दांडीला अडकवून, आणि कुलूप लावलं. तुकडा एका डबीत घालून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पोलादाच्या प्लांटची पाळी सुटली, रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट झाला आणि ओसरला. मी डबा उघडून बसले होते. कपाटातून आवाज आला. धप्प. मग थांबला. मी चार मोजले असतील, पुन्हा धप्प. पत्र्याला आतून काहीतरी जड, मऊ आदळत होतं. उंदीर असा आदळत नाही. मांजरही नाही.

काका मागून आले. त्यांनीच किल्ली फिरवली.

पट्टा दांडीला होता, पण लोंबत नव्हता. तो ताणलेला होता, सरळ खाली, काठीसारखा, आणि खालच्या हुकाला काहीच नव्हतं. निवार थरथरत होती. लाल धागा टाका-टाका करत अजून बाहेर येत होता, आमच्या डोळ्यांदेखत. कपाटाच्या तळाशी चार बोटं पाणी होतं, आणि वरच्या अर्ध्या पत्र्याला आतून पोचे पडले होते.

मी हात लावला. बर्फासारखा गार.

"मोनू..." काका हलक्या आवाजात म्हणाले, "बेटा, आमाले समजलं... आमाले समजलं आता."

पट्टा एकदम सैल पडला. त्या दिवशी मी चंदनला सात वेळा फोन केला. "नाव सोडून ये," म्हणाले. तो म्हणाला, "कावून पण? कारण तं सांग." तो भूपेंद्रच्याच माणसांत उभा, फोनवर काय कारण सांगणार होते मी?

भूपेंद्र तिसऱ्या दिवशी आला, दोनच्या सुमारास. पांढरा शर्ट, काळा गॉगल, उन्हाने रापलेला चेहरा. काकांच्या पाया पडला. मग मी टेबलावर काढून ठेवलेला पट्टा उचलून पाहिला आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"शिवला नाही?"

"शिवत नसतो," मी म्हणाले. "याले हिसका बसलेला हाय, भूपेंद्रभाऊ. मोनूचा पट्टा हाय हा. तो बांधलेला होता."

त्याने गॉगल काढला. "कोण म्हणते?"

"पट्टाच म्हणते."

तो माझ्या जवळ आला, इतका की त्याच्या अत्तराचा वास नाकात गेला. "ताई, तुमचा भाऊ माझ्या नावेवर हाय. समुद्रात गोष्टी होत राहतात. माहीत हाय ना? तुमी शिक्का लावा. मी त्याले सांभाळून आणतो."

काका उठून उभे राहिले. "निघ येथून."

"काका, तुमी लोक उगाच भेऊन राहिले. अजून दहा वर्षं चालते हा पट्टा." आणि त्याने एक जाकीट उचललं, शर्टावर चढवलं, बकल लावलं. पट्टा घेऊन तो मागच्या शेडमध्ये गेला. आम्ही मागोमाग. चेनपुलीचा आकडा डोक्याच्या उंचीवर लोंबत होता. त्याने पट्ट्याचा एक हूक त्यात अडकवला. दुसरा, जो जाम होता, जो मी आणि काकांनी पकडीने हलवूनही हलला नव्हता, तो त्याने छातीच्या कडीला टेकवला मात्र.

तो अलगद उघडला आणि खट् करून मिटला.

"पाहा," म्हणत भूपेंद्रने अंग मागे झोकून दिलं, पाय रोवून, हात पसरून. पट्टा ताणला गेला. "धरते का नाही? आता लावा शिक्का."

तेव्हा पुलीची साखळी हलली.

ती हाताने ओढायची पुली होती. तिला वीज नाही, मोटर नाही. तिच्यापाशी कोणी उभं नव्हतं. साखळी आधी हळू चालली, कट्... कट्... मग धावायला लागली. भूपेंद्रच्या टाचा उचलल्या गेल्या. तो हसत होता अजून, त्याला वाटलं काकांनी ओढलं. मग त्याने काकांना आपल्या समोर उभं पाहिलं.

"ए... थांबवा... काका, थांबवा!"

त्याच्या पायाची बोटं जमिनीला घासत होती. शेडमध्ये वाऱ्याचा लवलेश नव्हता. तरी तो एकदम आडवा उचलला गेला, कोणी पायांना धरून फेकावं तसा, आणि डाव्या गर्डरवर आदळला. खांद्याने. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मागे आला, थांबला. मी नकळत मोजत होते. चार. पुन्हा आदळला. या वेळी तोंडाने. दात लोखंडावर वाजले आणि रक्ताची चिळकांडी माझ्या ओढणीवर आली.

काकांनी साखळीला लोंबून पाहिलं. साठी उलटलेला माणूस, साखळीने त्याच्या तळहाताची सालं काढली. मी भूपेंद्रच्या कमरेला मिठी मारली. तो गार होता आणि ओला, डोक्यापासून पायापर्यंत ओला, पाणी त्याच्या केसांतून माझ्या तोंडात आलं. खारट. मला तो सोबत घेऊन गेला, माझी पाठ गर्डरवर आपटली, मी सुटून पडले. फरशीवर पाणीच पाणी होतं.

"दोरी खेच!" काका ओरडले. "छातीची दोरी!"

भूपेंद्र खेचत होताच. दोन्ही हातांनी. दोरी तुटून त्याच्या मुठीत आली. हूक उघडला नाही.

धप्प.

त्याचा एक डोळा बंद झाला होता. जबडा एका बाजूला लोंबत होता. तो शब्द बोलायचा प्रयत्न करत होता आणि प्रत्येक शब्दाआधी तोंडातून पाणी येत होतं, एवढं पाणी माणसाच्या पोटात मावत नाही.

"कापा..." तो म्हणाला. "ताई... कापा..."

निवार कापायची सुरी माझ्या कमरेलाच असायची. मी उठले. पट्ट्यावर चालवली, तर पट्ट्यावर ओरखडाही उठला नाही. मग कळलं कुठे कापायचं ते. जाकिटाची कडी. छातीवरची ती काळी पट्टी, बोटभर रुंद. तो मागे झुलून आला तेव्हा मी एका हाताने त्याचं जाकीट धरलं आणि सुरीचं पातं कडीत घातलं.

आणि मी थांबले.

हे मी पोलिसांना सांगितलं नाही. काकांनी पाहिलं, ते कधी बोलले नाहीत.

मी त्याला विचारलं, "मोनू जिता होता?"

तो माझ्याकडे एका डोळ्याने पाहत राहिला. धप्प. माझ्या हातातून निसटून गेला, आदळला, परत आला. मी पुन्हा धरलं.

"जिता होता का?"

धप्प. बरगड्यांचा आवाज आता ओल्या लाकडासारखा येत होता.

आणखी एक धप्प. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याने सांगितलं. "आवाज... देत होता. माझं नाव... घेऊन. नाव वळवली असती तं... आमी पुढे होतो ना... पहिले होतो..."

मी कापलं. पातं लोण्यातून जावं तसं गेलं. तो फरशीवर पडला आणि साखळी जागच्या जागी थांबली. शेजारचा ग्राइंडर अजून चालू होता. रस्त्यावर कोणीतरी टरबूजवाल्याशी घासाघीस करत होतं. एवढ्या वेळात कोणालाच काही ऐकू गेलं नव्हतं.

दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला. पोलीस आले, त्यांनी पुली पाहिली, ब्रेक निसटला असं लिहिलं. फरशी तोवर कोरडी झाली होती, नुसता पांढरा खार उरला होता. चुना सांडलाय असं त्यांना वाटलं. अपघात म्हणून कागद बंद झाला.

त्यात तीन ठोके माझे आहेत. एका प्रश्नासाठी मी एका माणसाला तीन वेळा लोखंडावर जाऊ दिलं. पहिल्याच वेळी कापलं असतं तर तो वाचला असता का? डॉक्टरला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पट्टा आणि डबीतला तुकडा मी कोकणातल्या पोलिसांकडे पाठवला. नावेवरच्या दोघांनी शेवटी तोंड उघडलं. मोनू वीस मिनिटं नावेच्या बाजूने घासत गेला होता. त्यांनी हात घातला होता, भूपेंद्रने त्यांना शिडाच्या दोऱ्यांवर परत पाठवलं आणि स्वतः सुरी घेऊन वाकला. मी आणि काका कोहक्याला गेलो, भागाबाईला सांगायला. ती अंगणात तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं तिने. रडली नाही.

"बांधून होता ना?" तिने विचारलं.

"होता, मावशी."

"म्या रोज फोनवर सांगत होती, बांधून राहत जा म्हणून." तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "म्हंजे आयकलं होतं माझ्या पोरानं."

काका तिथेच तिच्या पायांपाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्यानंतर त्यांनी वर्कशॉप बंद केलं. चौकट भंगारात दिली.

चंदन त्या दुपारनंतर चौथ्या दिवशी घरी आला. सुखरूप. नाव शर्यतीला सुटलीच नाही, त्या दिवसांत त्याने पाण्यात पाय घातला नव्हता. आता तो इथल्याच हुडको वसाहतीत एका दुकानात बसतो. चांगलं चाललंय. मीही तिकडेच शिवणकाम घेते, परकर, पिशव्या, उशांच्या खोळी. माणसाचा जीव ज्यावर टांगलेला असतो असं काही शिवत नाही.

परवाची गोष्ट. दुपारी आम्ही दोघं जेवायला बसलो होतो, खाली, फरशीवर. नवी फरशी आहे, गोटी ठेवली तर जागची हलत नाही. मी चंदनला भात वाढला, वरण वाढलं, वर तूप. तो जेवता जेवता जरासा कलला, उजवीकडे, आणि एक पाय भिंतीला लावून बसला. मी म्हटलं पाठ अवघडली असेल. मग त्याच्या ताटाकडे लक्ष गेलं.

वरण ताटाच्या एका कडेला चढलं होतं. दुसरी कड कोरडी. ते वाहत नव्हतं, सांडत नव्हतं, तिरपं उभं होतं नुसतं. पेल्यातलं पाणीसुद्धा.

"चंदन," मी म्हणाले. "हे काय होऊन राहिलं?"

त्याने वर पाहिलं नाही. घास चावत, अगदी सवयीने, माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ताई, पकडून बस," तो हळूच म्हणाला. "नाव वळून राहिली."

आणि माझ्या ताटातलं वरण सरकायला लागलं.